बाचंग सान : एका चूर्णाची वंशावळ

गेल्या दहाएक वर्षांत चीनमधून एका ठरावीक साच्याचे शोधनिबंध निघू लागले आहेत. उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीला मुद्दाम सूज आणायची, काही आठवडे त्याला पारंपरिक चिनी काढा पाजायचा, मग ग्रंथी तपासायची आणि लेंड्यांमधले जिवाणू मोजायचे. निष्कर्ष बहुधा असा असतो की काढ्याने आतड्यातल्या जिवाणूंची घडी बसली आणि सूज उतरली. मला त्या निष्कर्षापेक्षा निबंधाची सुरुवात जास्त खटकते. तिथे काढ्याची ओळख 'शतकानुशतके वापरात असलेला' अशी करून दिलेली असते. शतकानुशतके वापरात नक्की काय होते? चूर्णाचे नाव, त्यातल्या वनस्पती, की ज्या दुखण्यावर ते दिले जायचे ते दुखणे?

प्रोस्टेटच्या जुनाट दाहावर, विशेषतः जळजळ आणि तुंबलेली लघवी असेल तेव्हा, चिनी वैद्य जे पाठ देतात त्यांतला एक प्रसिद्ध पाठ म्हणजे 'बाचंग सान'. आठ द्रव्यांचे चूर्ण. त्याचा माग काढणे सोपे, कारण त्याचा जन्म कागदोपत्री नोंदलेला आहे आणि तो कुणा ऋषीच्या नावावर नसून एका सरकारी दुकानाच्या नावावर आहे.

सोंग राजवटीत, 1076 साली, राजधानी काइफंगमध्ये सरकारने तयार औषधांचे दुकान उघडले. वांग आनशी या मंत्र्याने आर्थिक सुधारणांचा जो धडाका लावला होता त्याचाच हा भाग. लोकांना बरे औषध मिळावे हा एक हेतू, आणि खासगी व्यापाऱ्यांचा नफा खजिन्यात यावा हा दुसरा. दुकान चालवायचे तर प्रत्येक औषध दर वेळी सारखेच बनले पाहिजे, म्हणून पाठांची वही झाली. वही वाढत गेली, दरबारी वैद्यांनी बाराव्या शतकाच्या आरंभी ती तपासून नीट लावली. 1127 मध्ये जुर्चेन टोळ्यांनी काइफंग घेतले, दरबार दक्षिणेला हांगचौकडे सरकला, पण वही टिकली. 1151 मध्ये तिला 'थाय-फिंग ह्वेमिन ह-ची च्यू-फांग' हे लांबलचक नाव मिळाले. शेवटच्या रूपात तिच्यात 788 पाठ आहेत. बाचंग सान त्यांतलाच एक.

त्यातली द्रव्ये मराठी घराला वाटतात तितकी परकी नाहीत. ज्येष्ठमध आहे. रेवाचिनी आहे. संगजिरे आहे, तेच मऊ पांढरे खनिज ज्याची टाल्कम पावडर होते. आपण ज्या अनंताची फुले देवाला वाहतो त्या झाडाचे सुकवलेले फळ आहे. इसबगोलाच्याच प्रजातीतल्या एका वनस्पतीचे बी आहे. कार्नेशनच्या कुळातले एक रोप आहे, वाटेच्या कडेला जमिनीसरशी पसरणारे एक तण आहे, आणि आठवे द्रव्य म्हणजे 'मुतोंग' नावाच्या वेलाचे खोड. आठही समभाग. वस्त्रगाळ करून दोन छिएन, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण 8 ग्रॅम, पेलाभर पाण्यात उकळायचे. उकळताना एका लव्हाळ्याचा गर घालायचा, ज्याच्या दिव्याच्या वाती करत. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी कोमट घ्यायचे.

हे कशावर? वहीत रोग दिलेला आहे 'लिन'. लघवी थेंबथेंब होणे, आग होणे, वारंवार जावेसे वाटणे, ओटीपोट तटतटणे. आपल्याकडे ज्याला उन्हाळी लागणे म्हणतात त्यापासून मुतखड्यापर्यंतचे सारे त्यात येते. इ. स. 610 मध्ये छाव युआनफांगने रोगांच्या कारणांवर जो ग्रंथ रचला त्यात लिनचे सात प्रकार आहेत. चरकाच्या चिकित्सास्थानात मूत्रकृच्छ्राचे आठ आहेत. दोन्हीकडे वर्गीकरण लक्षणांवरून आणि कल्पिलेल्या कारणांवरून, अवयवावरून नाही. म्हणजे बाचंग सान घेणाऱ्या सोंगकालीन माणसांत मुतखड्याचे, मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाचे, परम्याचे आणि कदाचित प्रोस्टेटचे रोगी सगळे एका रांगेत उभे होते. स्त्रियाही होत्या आणि मुलेही. मूळ पाठात मोठे आणि लहान दोघांचाही उल्लेख आहे. प्रोस्टेटच्या रोग्याचे औषध ही त्याची ओळख फार अलीकडची.

सरकारी वहीलाही टीकाकार भेटले. चौदाव्या शतकात च-च्यांगमधल्या चू चनहंगने या वहीवर एक पुस्तकच लिहिले. त्याचा मुख्य राग तिच्यातल्या उष्ण, सुगंधी द्रव्यांच्या सढळ वापरावर होता. पण त्यामागचा आक्षेप आजही लागू पडेल. रोगी न पाहता, नाडी न बघता, तयार पुडी घेऊन घरी जायचे ही वैद्यकीची पद्धत नव्हे, असे त्याचे म्हणणे. पारंपरिक चिनी वैद्यक म्हणजे प्रत्येक रोग्याचा वेगळा विचार, असे आज अभिमानाने सांगितले जाते. या परंपरेतले एक अत्यंत यशस्वी पुस्तक मात्र नेमक्या उलट तत्त्वावर उभे होते.

आता आठांतल्या दोन द्रव्यांचा वेगळा पाठलाग करायला हवा.

पहिले रेवाचिनी. उत्तम माल कान्सू, छिंगहाय, सछ्वानच्या उंच थंड डोंगरांतला. त्याची मुळे रशियन सीमेवरच्या क्याख्तामार्गे युरोपात जात आणि युरोपियन लोक ती पोट साफ करायला वापरत. चिनी दरबारात समजूत अशी होती की परदेशी माणसाला चहा आणि रेवाचिनी मिळाली नाही तर त्याचे जगणेच अवघड. 1839 मध्ये कॅन्टनला अफूबंदीसाठी नेमलेल्या लिन त्सशूने इंग्लंडच्या राणीला उद्देशून लिहिलेल्या पत्रात हा मुद्दा आहे : आम्ही तुम्हाला उपयोगी वस्तू देतो, तुम्ही आम्हाला विष देता. ते विष म्हणजे अफू, आणि तिचा मोठा वाटा माळव्यातून मुंबई बंदरात येऊन जहाजावर चढत होता. त्या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाईंनी संपत्ती मिळवली आणि त्यांच्या देणगीतून 1845 मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालय उभे राहिले. आपल्याकडच्या दुकानांत रेवाचिनी म्हणून जे मिळते ते बरेचदा हिमालयातल्या निराळ्या जातीचे मूळ असते. गुण जवळपासचे असले तरी झाड वेगळे. पाठ तोच ठेवून झाड बदलण्याचा हा निरुपद्रवी नमुना. दुसऱ्या द्रव्याच्या बाबतीत तसे झाले नाही.

मुतोंग म्हणजे मुळात 'अकेबिया' हा जांभळ्या फुलांचा वेल. त्याचे खोड आरपार सच्छिद्र असते. एका टोकाला तोंड लावून फुंकले तर दुसऱ्या टोकातून हवा येते, असे जुन्या वनस्पतिग्रंथांत लिहिलेले आहे. शरीरातल्या नळ्या मोकळ्या करायला हा वेल का निवडला असेल, हे त्यावरून उमगते. पण छिंग राजवटीच्या काळापासून बाजारात दुसरा एक वेल त्याच नावाने येऊ लागला. तो ईशान्य चीनमधला, महाभिंतीच्या शान्हायक्वान खिंडीपलीकडचा, म्हणून त्याला 'क्वान-मुतोंग' म्हणत. खोड तसेच सच्छिद्र, पण जाडजूड, मिळतो भरपूर. विसाव्या शतकात देशाच्या मोठ्या भागात मुतोंग मागितले की हेच हातात पडत असे, आणि चीनच्या अधिकृत औषधकोशातही त्याला जागा होती. त्याची शास्त्रीय प्रजाती 'अरिस्टोलोकिया'.

याच प्रजातीतला एक वेल आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत सापडतो : सापसंद, ईश्वरी. या प्रजातीतल्या वनस्पतींत अरिस्टोलोकिक आम्ल असते. मूत्रपिंडाच्या पेशींत गेल्यावर ते त्यांच्या डीएनएला चिकटते आणि तिथे ठरावीक प्रकारची खूण सोडते. मूत्रपिंड हळूहळू तंतूंनी भरून निकामी होते, आणि पुढे मूत्रमार्गाच्या अस्तराला कर्करोग होण्याचा धोका फार वाढतो.

हे उघडकीला आले ते चीनमध्ये नव्हे, ब्रसेल्समध्ये. वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात 1990 पासून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत चिनी वनस्पतींची भर पडली होती. दोन वर्षांत तिथल्या तरुण, एरवी निरोगी स्त्रिया मूत्रपिंडे निकामी होऊन डॉक्टरांकडे येऊ लागल्या. वानहेरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पहिली नोंद छापली. पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली. 'फांगची' नावाच्या एका निरुपद्रवी मुळाऐवजी जवळपास त्याच नावाचे अरिस्टोलोकियाचे मूळ गोळीत गेले होते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या 39 रुग्णांची मूत्रपिंडे आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून तपासल्या, तेव्हा 18 जणांत कर्करोग निघाला.

आणि तरीही चीनमध्ये इशारा कधी मिळालाच नव्हता असे नाही. 1964 मध्येच च्यांगसूमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात वू सोंगहान यांनी मुतोंगामुळे मूत्रपिंड अचानक बंद पडलेल्या दोन रुग्णांची हकीकत छापली होती. ती तिथेच पडून राहिली. 2003 च्या फेब्रुवारीत शिन्हुआ वृत्तसंस्थेने 'लोंगतान श्येकान' गोळ्यांनी मूत्रपिंडे गमावलेल्या लोकांच्या बातम्या दिल्या. या गोळ्यांतही मुतोंग असते आणि त्याही मूत्रमार्गाच्या आणि जांघेतल्या तक्रारींवर सर्रास घेतल्या जात. त्यानंतर एप्रिलमध्ये सरकारने क्वान-मुतोंगाची मान्यता काढून घेतली आणि सगळ्या पाठांत पुन्हा अकेबिया घालण्याचा आदेश दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याच सुमाराला अरिस्टोलोकियायुक्त औषधांना मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत टाकले.

म्हणजे लघवीच्या मार्गासाठी घेतलेले औषध त्याच मार्गाला कर्करोग देऊ शकत होते आणि ते देत असताना त्याचे नाव, पाठ, मात्रा सगळे हजार वर्षांपूर्वीसारखेच दिसत होते. 'शतकानुशतके वापरात' या शब्दांवर माझा विश्वास उरला नाही तो याच ठिकाणी. वर्षानुवर्षे हळूहळू बिघडणारे मूत्रपिंड पाहून मागचे औषध ओळखणे कुठल्याही वैद्याला, कितीही पिढ्यांचा अनुभव असला तरी, शक्य नव्हते. अनुभवाला तात्काळ होणारे जुलाब कळतात. दशकांनंतरचा कर्करोग कळत नाही.

इतक्या वळणांनंतर प्रोस्टेट गोष्टीत येते. युरोपात निकोलो मास्सा या व्हेनिसच्या वैद्याने 1536 मध्ये या ग्रंथीचे वर्णन केले आणि वेसालियसने 1538 मध्ये तिचे चित्र काढले. तिच्या जुनाट दाहाचे खापर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुख्यतः परम्यावर फोडले जाई. 1968 मध्ये मीअर्स आणि स्टेमी यांनी लघवीचे आणि ग्रंथीच्या स्रावाचे चार नमुने क्रमाने घेऊन जंतू नेमके कुठे आहेत ते ठरवण्याची पद्धत दिली, आणि तिने सगळा घोळ उघड केला : बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडतच नव्हते. 1995 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चार वर्ग ठरवले. जंतू न सापडणारा तिसरा वर्ग, म्हणजे ओटीपोटाचे आणि जांघेचे जुनाट दुखणे, यात नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण मोडतात. तरी डॉक्टर अँटिबायोटिक लिहीत राहिले. 2004 मध्ये 196 पुरुषांवर सहा आठवडे केलेल्या चाचणीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि टॅमसुलोसिन ही दोन्ही औषधे बनावट गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरली नाहीत.

चीनमध्ये 1980 च्या दशकात रुग्णालयांतून पुरुषरोगांचे स्वतंत्र विभाग उघडले आणि जुन्या लिनमधला एक भाग कापून प्रोस्टेटच्या नावावर चढवला गेला. बाचंग सान तिथे पोहोचले ते असे. मग ते चूर्णही उरले नाही. काढा, गोळी, पाण्यात विरघळणारी दाणेदार पुडी अशी त्याची रूपे झाली.

आणि आता जिवाणू. लघवी निर्जंतुक असते हा पाठ्यपुस्तकी समज शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 च्या सुमाराला मोडला. 2016 मध्ये क्लीव्हलंडच्या शोस्केस यांच्या गटाने जुनाट दुखणे असलेल्या पुरुषांच्या आतड्यातले जिवाणू निरोगी पुरुषांशी ताडून पाहिले. रुग्णांत प्रिव्होटेला हा गट कमी निघाला. अन्हुईमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवले की आतड्यातले जिवाणू तंतुमय अन्नापासून जे प्रोपिओनेट तयार करतात ते कमी पडले तर प्रोस्टेटवर चाल करून जाणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचे पारडे जड होते. इथवर ठीक. पण ज्याला महिनोन्महिने दुखते, जो बाहेर जेवायला घाबरतो, ज्याने दोन-तीन अँटिबायोटिक संपवली आहेत, त्याचे आतडे वेगळे दिसणारच. कारण कुठले आणि परिणाम कुठला, हे एका वेळच्या तुलनेतून कळत नाही.

खरे सांगायचे तर चिनी पाठ आणि जिवाणू यांचा भक्कम दुवा प्रोस्टेटच्या उंदरांत नाही. तो जपानमध्ये तोयामा इथे 1980 च्या आसपास सापडला. तोयामा हे घरोघर औषधपेट्या पोहोचवणाऱ्या फेरीवाल्यांचे जुने गाव. तिथल्या विद्यापीठात कोबाशी आणि सहकाऱ्यांनी रेवाचिनीतले आणि सोनामुखीतले सेनोसाइड घेतले. हे द्रव्य स्वतः जुलाब करत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात तेव्हा त्याचे जुलाबी रूप तयार होते. पूर्णपणे जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदराला ते दिले तर जुलाब होत नाहीत. ज्येष्ठमधाचेही तसेच. त्यातले ग्लिसिरायझिन जिवाणूंनी फोडल्यावरच रक्तात जाते, आणि जास्त ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, तेही याच फोडलेल्या रूपामुळे. अनंताच्या फळातले जेनिपोसाइड जिवाणू तोडतात तेव्हा जेनिपिन निघते, आणि ते प्रथिनांशी जुळले की निळा रंग येतो. वर्षानुवर्षे अनंताच्या फळाचे काढे घेतलेल्या जपानी आणि तैवानी रुग्णांत दुर्बिणीने पाहिले तर मोठ्या आतड्याची उजवी बाजू निळसर जांभळी, तिथल्या शिरा कडक झालेल्या आढळल्या. जपानी सरकारने अशा औषधांच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालायला लावली.

तेव्हा बाचंग सानच्या आठांपैकी निदान तीन द्रव्यांचे औषध अर्धे पुडीत असते आणि अर्धे घेणाऱ्याच्या आतड्यात. गुणही तिथे, दोषही तिथे. यातून एक गोष्ट आपोआप निघते, जिच्याकडे उंदरांचे निबंध फारसे वळत नाहीत : नुकतेच महिनाभर अँटिबायोटिक घेतलेल्या माणसावर हाच काढा वेगळा चालेल. प्रोस्टेटच्या रुग्णाने काढ्याकडे वळण्यापूर्वी नेमके तेच केलेले असते. 'काढ्याने जिवाणू सुधारले' यापेक्षा 'कुठल्या जिवाणूंनी काढा चालवला' हा प्रश्न मला जास्त जुना आणि जास्त खरा वाटतो.

माणसांवरचा पुरावा काय? 2019 च्या कोक्रेन आढाव्याने चिनी वनौषधींनी लक्षणे थोडीफार कमी होत असावीत, पण पुरावा कमकुवत आहे, असे म्हटले. त्याहून अधिक आज कुणी सांगितले तर ते विक्रीचे बोलणे समजावे.

हे वाचणाऱ्यांत असे दुखणे सोसणारे पुरुष असतील, आणि ऑनलाइन मागवलेली किंवा कुणा नातेवाइकाने सिंगापूरहून आणलेली पुडी घरात असेल. पुडीवर प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव छापले आहे का ते पाहा. नसेल तर घेऊ नका, आणि त्यात अरिस्टोलोकिया हा शब्द दिसला तर ती फेकून द्या. हाच नियम आपल्याकडच्या सापसंदाच्या काढ्यालाही लावा. घेतच असाल तर मूत्ररोगतज्ज्ञाला तसे स्पष्ट सांगा, अँटिबायोटिक कधी घेतले तेही सांगा, आणि सुरू करण्यापूर्वी व काही महिन्यांनी रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या.